राणीच्या बागेत वृक्षफेरी घ्यायची आहे? पाहणीपासून नोंदवहीपर्यंत

भायखळ्याच्या राणीच्या बागेत रविवारी येणाऱ्या बहुतेकांचा रस्ता ठरलेला असतो. तिकीट काढायचं, पेंग्विन बघायचे, वाघ बघायचा, पोरांना काहीतरी खायला घ्यायचं आणि घरी जायचं. ज्या सावलीतून ही सगळी मंडळी चालतात, त्या सावलीतली कित्येक झाडं मुंबईत इतरत्र शोधायला गेलं तर सापडत नाहीत. एकाच आवारात गोरखचिंच, उर्वशी, सीता अशोक आणि कैलासपती दाखवता येतील अशी जागा या शहरात दुसरी नाही, असं मी निःशंकपणे म्हणेन.

ही बाग मुळात प्राणिसंग्रहालय म्हणून जन्मली नव्हती. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेची शिवडीला वनस्पती उद्यानाची जागा होती. ती दफनभूमीसाठी गेली आणि बाग भायखळ्याला आली. १८६२ साली लेडी फ्रिअर यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. तेव्हाचं व्हिक्टोरिया गार्डन म्हणजे आजचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. प्राणी नंतर आले आणि लोकांच्या मनात त्यांनीच जागा पटकावली. गेल्या दोन दशकांत पुनर्विकासाच्या आराखड्यांमुळे झाडांवर संकट येईल, असं दिसताच नागरिक त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्या प्रयत्नांत वृक्षफेऱ्यांचा वाटा मोठा होता. माणसं झाडांना नावानिशी ओळखायला लागली की त्या झाडांबद्दल बोलायलाही लागतात.

अशी फेरी कशी आखायची, तिला जोडून व्याख्यान किंवा मुलांचा उपक्रम कसा घ्यायचा, ते इथे क्रमाने देत आहे. निसर्ग मंडळं, शाळा-कॉलेजांतले शिक्षक, ज्येष्ठ नागरिक संघ, सोसायटीतली हौशी मंडळी, कुणालाही हे जमेल. उदाहरणं राणीच्या बागेतली असली, तरी पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात हीच पद्धत चालेल. माझा आग्रह एकच आहे: झाडं कमी घ्या आणि त्याच झाडांपाशी वर्षभर पुन्हा पुन्हा जा. एका सकाळी साठ झाडांची नावं ऐकवणाऱ्या फेरीतून माणूस घरी जातो तेव्हा त्याच्या लक्षात एकही राहिलेलं नसतं.

पहिली पायरी: आधी झाड ठरवा, मग तारीख

सगळ्यांना सोयीचा रविवार आधी ठरतो आणि त्या दिवशी बागेत काय फुललं असेल ते नंतर पाहिलं जातं. हे उलट करा. वर्षाचं वेळापत्रक झाडांनाच ठरवू द्या. आपल्याकडे त्यासाठी तयार चौकट आहे, ती म्हणजे आपले सण.

ज्येष्ठात वटपौर्णिमा येते. त्या आठवड्यात वडावर फेरी ठेवली तर लोक आपणहून येतात, कारण बाजारात वडाच्या फांद्या तोडून विकायला आलेल्या त्यांनी पाहिलेल्या असतात. फांदी घरी आणून पूजण्यापेक्षा उभ्या झाडापाशी का जावं, हे त्या दिवशी वेगळं पटवावं लागत नाही. आषाढ-श्रावणात कदंबाचे पिवळे गेंद दिसतात. भाद्रपदात गणपतीच्या पत्रीवर एक अख्खं व्याख्यान होऊ शकतं. दूर्वा, आघाडा, माका, बेल, शमी, रुई, धोत्रा, डोरली, अर्जुन, हादगा, मरवा, कण्हेर, देवदार अशी ती यादी. गावोगावी आणि पोथ्यापोथ्यांत तिच्यात थोडा फरक पडतो. यातल्या किती वनस्पती श्रोत्यांनी जिवंत उगवलेल्या पाहिल्या आहेत, असं विचारून बघा. यादीतला देवदार हिमालयातला आहे, मग मुंबईच्या बाजारात देवदार म्हणून जे पान मिळतं ते कशाचं, हा प्रश्न सभागृह जागं करतो. रुई, धोत्रा, कण्हेर विषारी आहेत, तेही याच व्याख्यानात ठासून सांगा.

दसऱ्याला आपटा. आपट्याच्या नावाखाली कांचनाच्या फांद्या सर्रास ओरबाडल्या जातात. दोन्ही पानं जोडपानासारखी, मध्ये खाच असलेली. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त असतं; कांचनाचं मोठं आणि पातळ. दोन्ही हातात देऊन एकदा पाहिलं की माणूस पुढच्या दसऱ्याला फसत नाही. आश्विन-कार्तिकात संध्याकाळी सातवीणीचा उग्र गोड वास पसरतो. थंडी सरताना काटेसावर, पांगारा आणि पळस फुलतात. होळीच्या सुमारास पळसावरची फेरी पक्षी बघणाऱ्यांनाही खेचून आणते. चैत्रात कडुलिंबाचा मोहर येतो आणि त्यानंतर बहावा व ताम्हण. ताम्हण हे महाराष्ट्राचं राज्यफूल. ते ओळखता येत नाही असे बरेच जण निघतात, त्यामुळे मे महिन्याच्या उकाड्यातही ही फेरी वगळू नका, फक्त ती सकाळी लवकर संपवा.

फुलण्याच्या तारखा दरवर्षी थोड्या पुढेमागे होतात. म्हणून जाहीर करताना ‘उर्वशीची फुलं बघायला या’ असं छातीठोक लिहू नका. ‘उर्वशी, सीता अशोक आणि इतर वृक्षांची ओळख’ एवढं पुरे. फूल मिळालं तर तो आनंद वेगळाच.

दुसरी पायरी: परवानगी

राणीची बाग मुंबई महानगरपालिकेची आहे. चार मित्र फिरायला गेले तर तिकीट पुरतं. तुम्ही जाहीर आवाहन करून पंचवीस-तीस माणसं आणणार असाल, तर उद्यानाच्या कार्यालयाला आधी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात तारीख, वेळ, अंदाजे संख्या, मुलं किती, मार्ग कोणता, जबाबदार व्यक्ती कोण, हे लिहा. ध्वनिक्षेपक लावणार नाही, फुलं-पानं तोडणार नाही, कचरा मागे सोडणार नाही, हेही लिहा. परवानगी देणाऱ्याला नेमकी याच गोष्टींची काळजी असते. महिनाभर हाताशी ठेवा. कॅमेऱ्याचे नियम वेगळे असू शकतात, ते विचारून घ्या. बाग बुधवारी बंद असते. तिकिटाचे दर आणि वेळ बदलत असतात, म्हणून जाहीर करण्यापूर्वी ताजी माहिती घ्या.

बागेतल्या माळ्यांशी ओळख करून घ्या. कोणतं झाड कधी फुललं, कुठल्या फांदीला कीड लागली, कुठे मोहोळ बसलंय, हे त्यांना रोजचं माहीत असतं. फेरीच्या दिवशी त्यांच्यापैकी कुणी पाच मिनिटं बोलायला तयार झालं तर त्यांना मानाने पुढे बोलवा. लोक ते बोलणं मन लावून ऐकतात.

तिसरी पायरी: पाहणी

ही पायरी टाळली की पुढचं सगळं डळमळतं. पंधरा दिवस आधी एकदा आणि आदल्या दिवशी किंवा दोन दिवस आधी एकदा, असे दोनदा जा. ज्या वेळी फेरी घेणार त्याच वेळी जा, कारण ऊन आणि गर्दी तासागणिक बदलतात.

पहिल्या पाहणीत मार्ग आखा. प्रत्येक झाडापाशी पंचवीस माणसं कुठे उभी राहतील ते पाहा. आळ्यात, मुळांवर किंवा हिरवळीवर पाय पडता कामा नये. उभं राहिल्यावर ऊन बोलणाऱ्याच्या तोंडावर आलं तर चालेल, ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत जाऊ नये. पेंग्विनच्या इमारतीजवळ सुट्टीच्या दिवशी इतका गलका असतो की तिथे बोलणं व्यर्थ. तिथून फक्त चालत पुढे जा. बाकं, पाण्याची सोय, स्वच्छतागृह, पायऱ्या, चढ हे सगळं टिपा.

पाट्यांवर आंधळा विश्वास ठेवू नका. पाटी शेजारच्या झाडाची असू शकते, आणि शास्त्रीय नावं बदलतातही. रस्त्याकडेचा उंच, सरळसोट खोटा अशोक वर्षानुवर्षं पॉलिअल्थिया लाँगिफोलिया म्हणून ओळखला गेला. आता त्याला मोनून लाँगिफोलियम म्हणतात. शंका असेल तिथे पान, फूल, फळ, साल यांचे फोटो काढा आणि जाणकारांना दाखवा. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल किंवा आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळांवर फोटो टाकले तर ओळख पटवायला मदत होते. ज्या झाडाची खात्री पटली नाही ते मार्गातून गाळा.

दुसऱ्या पाहणीत फक्त बदल बघायचे: फुललेलं गळून गेलं का, फांदी पडली का, वाट खोदली का.

चौथी पायरी: वेळेचा हिशेब

दोन तासांपेक्षा लांब फेरी घेऊ नका. दहा झाडं, प्रत्येकी सरासरी सात मिनिटं म्हणजे सत्तर मिनिटं. चालायला पंचवीस, सुरुवातीच्या बोलण्याला दहा, शेवटच्या प्रश्नांना पंधरा. एकूण दोन तास. अकरावं झाड घालायचा मोह झाला तर आधीचं एक काढा.

दहांपैकी चार झाडं मुख्य ठेवा, त्यांना जास्त वेळ द्या. उरलेली सहा दोन-तीन मिनिटांत उरकली तरी चालतात. एका बोलणाऱ्यामागे वीस-पंचवीस माणसं ही मर्यादा पाळा. नोंदणी जास्त झाली तर दोन गट करा आणि दुसरा गट मार्गाच्या दुसऱ्या टोकापासून सुरू करा. प्रत्येक गटाच्या शेवटी एक स्वयंसेवक हवाच. फोटो काढत मागे राहणारे, आजी-आजोबा, चपलेचा बंद तुटलेलं पोर, हे सगळे त्याच्या नजरेखाली असतात.

प्रत्येक झाडासाठी एक छोटं कार्ड करा. त्यावर पाचच गोष्टी हव्यात: मराठी आणि शास्त्रीय नाव, ओळखीच्या तीन खुणा, मूळ ठिकाण, कोणत्या कीटक-पक्ष्यांशी नातं, आणि लोकांना विचारायचा एक प्रश्न. तो प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे. बाकीचं विसरलात तरी चालेल.

पाचवी पायरी: झाडापाशी काय आणि कसं बोलायचं

झाडापाशी पोहोचल्यावर लगेच नाव सांगू नका. एक मिनिट सगळ्यांना नुसतं बघू द्या. मग प्रश्न विचारा. नाव आधी कळलं की माणूस बघणं थांबवतो आणि लिहायला लागतो. चार झाडांवर हे कसं करायचं ते सविस्तर सांगतो.

*कैलासपती.* विचारा: या झाडाला फुलं कुठे आली आहेत? लोक वर बघतात, फांद्यांच्या टोकांकडे. फुलं मात्र बुंध्यावरच, दोरखंडासारख्या लोंबत्या डहाळ्यांवर आलेली असतात. खाली पडलेलं ताजं फूल उचलून हातोहात फिरवा. आत पुंकेसरांचा एक फणा असतो आणि त्याच्याखाली पुंकेसरांचं कडं. फणा, खाली पिंड, म्हणून लोकांनी त्याला नागलिंग, शिवलिंगी अशी नावं दिली. आता खरी गंमत सांगा. या फुलात मध नसतो. भुंग्यांना परागच खायला मिळतात. फण्यातले पराग वांझ, केवळ खाऊ म्हणून. प्रजननाचे पराग खालच्या कड्यात. भुंगा फण्यातलं खात असताना कड्यातले पराग त्याच्या पाठीला लागतात आणि पुढच्या फुलावर जातात. देवळांच्या आवारात हा वृक्ष इतका रुळला आहे की तो इथलाच वाटतो, पण त्याचं मूळ दक्षिण अमेरिकेत आहे. त्यामुळे त्याच्यावरची श्रद्धा कमी होत नाही. कुणी भाविक माणूस गटात असेल तर हे आदराने सांगा. फळं तोफगोळ्याएवढी आणि जड असतात. ती लागलेली असताना थेट झाडाखाली कुणाला उभं करू नका.

*सीता अशोक आणि उर्वशी* ही जोडी एकत्र घ्या, उर्वशी फुलल्याची खबर मिळाली तर नक्कीच. अशोकापाशी पहिला प्रश्न: तुमच्या सोसायटीत अशोक आहे का? बरेच हात वर होतात. मग त्यांना या झाडाची पसरलेली, घुमटासारखी सावली दाखवा. कुंपणाला ओळीने लावलेला उंच, निमुळता वृक्ष वेगळ्याच कुळातला आहे, हे त्यांना तिथेच दिसतं. सीता अशोकाच्या फुलांचे घोस पिवळसर केशरी उमलतात आणि जून होताना लाल होतात, त्यामुळे एकाच घोसात दोन्ही रंग सापडतात. ज्यांना पाकळ्या वाटतं ती निदलं असतात. या फुलाला पाकळ्याच नसतात. औषधासाठी साल ओरबाडल्यामुळे रानातला हा वृक्ष आता संकटग्रस्त झाला आहे. हे सांगताना आवाज चढवायची गरज नाही, माणसं गप्प होतात.

उर्वशी म्यानमारची. तिचं शास्त्रीय नाव ॲमहर्स्टिया नोबिलिस, लेडी ॲमहर्स्ट यांच्यावरून दिलेलं. लांब देठांवर खाली लोंबणारी लाल-गुलाबी फुलं, पाकळ्यांच्या टोकांना पिवळा ठिपका. रानात ती अतिशय दुर्मीळ आहे, म्हणून वनस्पती उद्यानांतली तिची प्रत्येक फांदी मोलाची. फुलं नसतील तर निराश होऊ नका. कोवळी पालवी बघा. अशोकाची आणि उर्वशीची, दोघींची नवी पानं तांबूस तपकिरी, मऊ, वाळत घातलेल्या रुमालासारखी लोंबतात. त्यांच्यात हरितद्रव्य उशिरा भरतं, मग ती ताठ आणि हिरवी होतात. ‘या दोन झाडांत सारखं काय?’ असं विचारून गटाला पाच मिनिटं मोकळं सोडा. दोन्ही एकाच शिंबावंत कुळातली, शेंगा धरणारी. ते नातं लोकांनी पालवीवरून स्वतः शोधलं की कुणीही विसरत नाही.

*गोरखचिंच.* बुंध्याला कवेत घ्यायला किती जण लागतील, ते आधी अंदाजाने विचारा. मुळांवर पाय न देता जमणार असेल तरच करून बघा. ही मूळची आफ्रिकेची. पश्चिम किनाऱ्यावर ती जुन्या समुद्री व्यापारातून आली असं मानलं जातं. लाकूड स्पंजासारखं मऊ आणि पाण्याने भरलेलं असतं. नेहमीच्या वर्तुळांवरून तिचं वय मोजणं भरवशाचं नसतं, त्यासाठी कार्बन तपासणी करावी लागते. कुणी ‘हे झाड हजार वर्षांचं’ असं बोललं तर शांतपणे हे सांगा. पानं पंजासारखी. पावसाळ्याच्या तोंडाशी मोठी पांढरी फुलं येतात, ती संध्याकाळी उमलतात आणि वटवाघळांची वाट बघतात. सकाळी फेरीला आलेल्यांना कोमेजलेली, तपकिरी पडत चाललेली फुलं जमिनीवर दिसतात. ती उचलून दाखवा आणि रात्री इथे काय घडलं असेल ते विचारा. रात्रीची गोष्ट सकाळी पुराव्यांवरून सांगायची, हा या झाडाचा खास आनंद आहे.

*वड.* इथे एक पिकलेलं फळ, खाली पडलेलं, चाकूने मधोमध कापा. ते फळ नव्हे, आत उलटा वळलेला फुलांचा गुच्छ आहे, हे भिंगातून दिसतं. वडाची परागवाहक म्हणून एका ठरलेल्या जातीची चिमुकली गांधीलमाशी असते. ती तोंडाच्या बारीक छिद्रातून आत शिरते आणि तिचं सगळं आयुष्य या झाडाभोवतीच फिरतं. ती नसेल तर बी नाही, आणि वड नसेल तर ती नाही. मग वर बघायला सांगा: तांबट, कोकीळ, पोपट, मैना, एखादं वटवाघूळ. फळांच्या हंगामात वडाखाली शांत उभं राहिलं की पक्षी मोजायचा उपक्रम आपोआप होतो.

उरलेल्या सहांत पर्जन्यवृक्ष, बकुळ, मुचकुंद, रुद्राक्ष, कृष्णवड, एखादा ताड किंवा माड अशी विविधता ठेवा. मुचकुंदाच्या पानाची पाठ चाचपायला द्या, ती मखमली असते. कृष्णवडाचं पान देठाशी दुमडून द्रोणासारखं होतं, त्याच्याशी जोडलेली लोणी चोरणाऱ्या कृष्णाची कथा सांगा. लहानथोर सगळ्यांना ती आवडते. कथा कथा म्हणून आणि शास्त्र शास्त्र म्हणून सांगा, दोन्हींना जागा आहे.

औषधी उपयोगांबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे. कुठलाही काढा, लेप, मात्रा सांगू नका. ‘आयुर्वेदात याचा उल्लेख आहे’ इथे थांबा. फेरीत ऐकून घरी प्रयोग करणारी माणसं असतात, आणि सारखी दिसणारी दोन झाडं असतात.

सहावी पायरी: जाहीर सूचना आणि नोंदणी

सूचना छोटी ठेवा. व्हॉट्सॲपवर पुढे पाठवली जाणार हे गृहीत धरून तारीख-वार दोन्ही लिहा, नाहीतर ती पुढच्या वर्षी पुन्हा फिरते. नमुना असा:

‘वडाची वृक्षफेरी, राणीची बाग, भायखळा. वार, तारीख, वर्ष. मुख्य दरवाजाशी तिकीट खिडकी उघडण्याच्या वेळी भेटू. कालावधी दोन तास. चालण्याचा मार्ग सपाट आहे, एका ठिकाणी तीन पायऱ्या आहेत. बागेचं तिकीट प्रत्येकाने काढायचं, फेरी विनामूल्य. पाणी, टोपी, बूट, असल्यास भिंग. उग्र अत्तर लावू नये. नोंदणी आवश्यक, पंचवीस जणांपुरती.’

पायऱ्यांचा उल्लेख मुद्दाम करा. गुडघेदुखी असलेली आजी किंवा चाकाच्या खुर्चीतला मुलगा यावरच यायचं की नाही ते ठरवतात. शक्य असेल तर पायऱ्या टाळणारा मार्ग आधीच शोधून ठेवा. विनामूल्य ठेवलं की नोंदणी करून न येणारे बरेच असतात. तीस नावं घेतली तर पंचवीस येतील, असं धरून चाला.

सातवी पायरी: फेरीचा दिवस

ठरलेल्या वेळेनंतर दहा मिनिटं थांबा, त्यापेक्षा जास्त नाही. सुरुवातीला तीन सूचना द्या: तोडायचं नाही, खाली पडलेलं उचलायला हरकत नाही पण बागेबाहेर न्यायचं नाही, आणि शेवटच्या स्वयंसेवकाच्या मागे राहायचं नाही. बागेचा इतिहास इथे दोन वाक्यांत आटोपा. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयासमोर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती आहे, त्याच्यापाशी इतिहास सांगायला जास्त रंग चढतो.

हवामानाकडे लक्ष ठेवा. विजा, वादळी वारा किंवा मुसळधार पाऊस असेल तर फेरी रद्द करा. पावसाळ्यात जुन्या झाडांच्या फांद्या इशारा न देता पडतात. आग्या मोहोळ दिसलं तर आवाज न करता लांबून वळा. प्रथमोपचाराची पेटी जवळ हवी. लहान मुलं रस्त्यात सापडलेल्या बिया तोंडात घालतात. लाल-काळी गुंज आणि बिट्टीच्या म्हणजे पिवळ्या कण्हेरीच्या बिया विषारी आहेत, हे पालकांना आधीच सांगा.

अंध किंवा कमी दिसणारे सहभागी असतील तर फेरी त्यांच्या हाताने आणि नाकाने आखा. काटेसावरीचे काटे, मुचकुंदाच्या पानाची पाठ, वडाच्या पारंब्या, पडलेली बकुळीची फुलं, बेलाचं चुरडलेलं पान. अशा फेरीत डोळस माणसंही जास्त शिकतात, म्हणून वेगळा गट न करता सगळ्यांना एकत्रच न्या.

मुलांसाठी

मुलांना दोन तास उभं राहून ऐकवू नका. चाळीस मिनिटांत पाच झाडं, बाकी वेळ हातांना काम.

सगळ्यांत सोपं म्हणजे सालीचा ठसा. कागद बुंध्यावर धरून मेणखडूची बाजू हलक्या हाताने घासायची, वेगवेगळ्या झाडांच्या सालीचा पोत कागदावर उमटतो. पडलेल्या पानांची वर्गवारी करायला द्या: कडा सरळ की दातेरी, पान साधं की संयुक्त. एका झाडासमोर वीस मिनिटं बसून त्याचं चित्र काढणं हा उपक्रम मला सर्वांत प्रिय आहे. चित्र कसंही येवो, पान देठाला कसं जोडलेलं असतं हे त्या मुलाला आयुष्यभर कळतं.

बिया पेरण्याची कार्यशाळा जून-जुलैत ठेवा. कडुलिंब आणि जांभूळ यांच्या बिया ताज्याच पेराव्या लागतात, साठवल्या की थोड्याच दिवसांत त्यांची उगवणक्षमता जाते. उलट बहाव्याच्या बीचं कवच कठीण असतं. ते काचकागदावर घासून किंवा गरम पाण्यात रात्रभर भिजवून मग पेरायचं. हा फरक मुलांना स्वतः करून पाहू द्या: घासलेल्या पाच बिया एका पिशवीत, न घासलेल्या पाच दुसऱ्या पिशवीत. बियांचे गोळे करून डोंगरावर फेकण्यापेक्षा एक रोप पिशवीत वाढवून त्याला दोन वर्षं पाणी घालणं मला केव्हाही जास्त मोलाचं वाटतं.

व्याख्यान ठेवायचं असेल तर

सभागृहातलं व्याख्यान चाळीस मिनिटांचं, प्रश्न वीस मिनिटांचे. पडद्यावर चित्रं दाखवा, पण टेबलावर खऱ्या वस्तू मांडा: शेंगा, बिया, वाळकी फळं, सालीचे तुकडे. लोक चहाच्या वेळी तिथेच गर्दी करतात. वक्त्याला विषय अरुंद द्या. ‘महाराष्ट्राची वनसंपदा’ या विषयावर कुणीही काहीही बोलतं. ‘गणपतीची पत्री’, ‘वड आणि त्याची गांधीलमाशी’, ‘सह्याद्रीतली कंदीलपुष्पं’ असे विषय घ्या. सह्याद्रीत कंदीलपुष्पांच्या काही जाती अशा आहेत की त्या जगात दुसरीकडे कुठेही उगवत नाहीत, आणि शिवाजी विद्यापीठात त्या वाढवण्याचं, जपण्याचं काम झालं आहे. वनस्पती उद्यान कशासाठी असतं, याचं त्याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पुण्यात असाल तर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय कार्यालय तिथे आहे. वाळवून जपलेले वनस्पतींचे नमुने म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी तिथल्या अभ्यासकांना पत्र लिहून बोलवता येतं. व्याख्यानानंतर अर्धा तास बागेत नेण्याची सोय असेल तर ती नक्की करा.

शेवटची पायरी: नोंदवही

फेरी संपली की त्याच दिवशी बसून लिहा. कोणत्या झाडाला कळी, फूल, कोवळं फळ, पिकलं फळ, नवी पालवी, पानगळ, कोणत्या प्रश्नावर लोक रेंगाळले, कुठे कंटाळले. दहाही झाडांच्या या नोंदी दर महिन्याला त्याच झाडांवर करत राहा. सीझनवॉच नावाचा देशव्यापी उपक्रम नेमक्या अशाच नोंदी नागरिकांकडून घेतो. त्यांच्या यादीत असलेली तुमची झाडं तिथे नोंदवता येतात. वर्ष भरलं की पुढच्या फेऱ्यांच्या तारखा तुमच्या स्वतःच्या वहीतून निघतील.

नोंदवहीचा दुसरा भाग तक्रारींचा ठेवा. बुंध्याभोवती ओतलेलं काँक्रीट, खिळे ठोकलेली पाटी, दिव्यांच्या माळांच्या आवळलेल्या तारा, वाळलेली मोठी फांदी, चुकीचं नाव. फोटो, जागा आणि तारीख घालून दर तीन महिन्यांनी उद्यानाच्या कार्यालयाला एक लेखी पत्र द्या. पत्राची भाषा सौम्य ठेवा आणि जे काम झालं त्याचे आभार पुढच्या पत्रात पहिल्या ओळीत माना. झाड तोडण्याची किंवा हलवण्याची नोटीस लागलेली दिसली तर ती नीट वाचा: महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण व जतन कायदा लागू आहे, आणि हरकत नोंदवायला ठराविक मुदत असते. तुमच्या वहीत त्या झाडाच्या वर्षभराच्या नोंदी असतील, तर हरकतीच्या अर्जाला त्या जोडा. फेरीला आलेल्यांचे फोन क्रमांक त्यांच्या संमतीने ठेवलेले असले, तर त्याच संध्याकाळी त्यांनाही कळवता येतं.